वकील व्हायचंय ना? मग बारावीनंतर लगेच लॉ नको

कैफियतकार (धागालेखक)

अकरावीतल्या मुलांचा आणि त्यांच्या आईबाबांचा नेहमीचा प्रश्न: वकिली करायची तर बारावीनंतरचा पाच वर्षांचा एलएलबी घ्यावा, की आधी पदवी आणि मग तीन वर्षांचा? माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल. कोर्टात उभं राहायचं असेल तर आधी पदवी.

सनद (वकिलीचा परवाना) दोन्हीकडे एकच मिळते. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट, १९६१ खाली नोंदणी, सनद बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाची, मग ऑल इंडिया बार एक्झामिनेशन. कोर्स तीनचा होता की पाचचा, हे पक्षकार विचारत नाही. हिशेब एका वर्षाचा आहे: १२+५ म्हणजे १७, १२+३+३ म्हणजे १८. त्या एका वर्षात काय पदरात पडतं ते बघा. बी.कॉम.वाल्याला ताळेबंद आणि खातेउतारा वाचता येतो. विज्ञान किंवा (आणखी एक वर्ष देऊन) इंजिनिअरिंगवाल्याला पेटंट एजंटची परीक्षा देता येते. ती त्या पदवीशिवाय देताच येत नाही, आणि पेटंट कार्यालयात दुसऱ्याचा अर्ज चालवायला पेटंट एजंट म्हणून नोंदणी लागते. पाच वर्षांच्या कोर्समध्ये राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र असतं खरं, पण कायद्याच्या पेपरांच्या गर्दीत ते उरकलं जातं.

दुसरं कारण मला जास्त वजनदार वाटतं. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या कायदे-शिक्षण नियमांप्रमाणे पाच वर्षांच्या कोर्समध्ये मध्येच शिरता येत नाही आणि मधूनच पदवी घेऊन बाहेरही पडता येत नाही. सतरा-अठराव्या वर्षी घेतलेला निर्णय तिसऱ्या वर्षी चुकीचा वाटला, तर काय करायचं? आधी पदवी घेतलेल्याच्या हातात निदान ती पदवी तरी असते.

बेलिफ

साफ असहमत. एक वर्ष 'फक्त' म्हणून सोडून देताय, पण ते नेमकं कुठे लागतं ते बघा. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ च्या निकालात दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. ही तीन वर्षं तात्पुरत्या नावनोंदणीपासून मोजतात आणि किमान दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाचा दाखला लागतो, त्यावर तिथल्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याची मान्यता. म्हणजे अठराव्या वर्षी बारावी झालेला मुलगा पाच वर्षांच्या रस्त्याने २६ व्या वर्षी परीक्षेला पात्र, तुमच्या रस्त्याने २७ व्या. मध्ये एखादा केटी लागला, प्रवेश लांबला, की २८. पोरगी न्यायाधीश व्हायचं म्हणत असेल तर या वर्षाला किंमत आहे.

आणि ताळेबंदाचं म्हणाल, तर चेक न वटल्याच्या कलम १३८ च्या फिर्यादी बी.कॉम. नसल्यामुळे पडत नाहीत, तारखा चुकल्यामुळे पडतात. बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस पोचल्यापासून पैसे द्यायला १५ दिवस, ते संपल्यावर एका महिन्यात फिर्याद. सोळाव्या दिवसाआधीच फिर्याद ठोकली तर ती अकाली ठरते. हे शिकायला बोटं पुरतात.

इंटर्नशिपही मोजा. नियमाने पाच वर्षांच्या कोर्सला किमान २० आठवडे, तीन वर्षांच्याला १२, आणि एका वर्षात सलग चारपेक्षा जास्त धरत नाहीत. एका उन्हाळ्यात तालुका कोर्ट, दुसऱ्यात उच्च न्यायालयातला वकील, तिसऱ्यात एखादी लॉ फर्म. पाच वर्षंवाल्याला हे फिरून बघता येतं. तीनवाल्याला इकडेतिकडे बघेपर्यंत शेवटचं सेमिस्टर लागतं.

तळटीप

बेलिफ, मुद्दे ठीक, पण सगळं 'राष्ट्रीय विधी विद्यापीठ' गृहीत धरून चाललंय. तिथे जायचं तर क्लॅट, म्हणजे त्यांची सामाईक प्रवेशपरीक्षा. ती डिसेंबरमध्ये असते, म्हणजे बोर्डाच्या दोन-तीन महिने आधी. मुलाने अकरावीतच सुरुवात केली नसेल तर बारावीची प्रॅक्टिकल्स, प्रीलिम आणि क्लॅट एकाच खिंडीत सापडतात.

पेपरचं गणित असं: १२० प्रश्न, १२० मिनिटं, बहुतेक सगळं उताऱ्यांवर, उतारा साडेचारशे शब्दांच्या आसपास. वीसेक उतारे धरले तर नऊ हजार शब्द. मिनिटाला २०० शब्द समजून वाचणाऱ्याची ४५ मिनिटं वाचण्यात जातात, उत्तरांना ७५ उरतात. १२० च्या वेगाने वाचणाऱ्याची ७५ जातात आणि उत्तरांना ४५, म्हणजे प्रश्नाला साडेबावीस सेकंद. मराठी माध्यमातून आलेली हुशार मुलं मागे पडतात ती इथे. कायद्याची कलमं आधी पाठ असण्याची परीक्षकांची अपेक्षाच नसते, तत्त्व उताऱ्यातच दिलेलं असतं. म्हणून क्लासची जाडजूड 'लीगल जीके' घोकण्यापेक्षा रोज घड्याळ लावून इंग्रजी संपादकीय वाचलेलं जास्त कामाला येतं.

अवांतर: चुकीच्या उत्तराला ०.२५ वजा होतात म्हणून मुलं प्रश्न कोरे सोडतात. चार पर्यायांत डोळे मिटून मारलेल्या उत्तराची सरासरी कमाईसुद्धा +०.०६ आहे. एक पर्याय खात्रीने खोडता आला तर +०.१७. कोरं सोडण्यात शहाणपण नाही, वेळ घालवण्यात तर मुळीच नाही.

राज्याच्या सीईटीत वजा गुण नाहीत आणि प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते. मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय (१८५५ पासूनचं) किंवा पुण्याचं आयएलएस (१९२४) याच दारातून. राष्ट्रीय विद्यापीठांची फी राहण्याजेवणासकट वर्षाला दोन लाखांच्या पुढे जाते, ते पाचने गुणा आणि मग ठरवा.

कैफियतकार

तळटीप यांनी माझीच बाजू मांडली की! ज्या मुलाला दोन वर्षांत वाचनाचा वेग आणता येणार नाही, त्याने पदवीच्या तीन वर्षांत तो आणावा. शिवाय २० आठवड्यांचं कौतुक फार नको. कागदावर २०, प्रत्यक्षात ओळखीच्या वकिलाचं सर्टिफिकेट. प्रात्यक्षिकाच्या पेपरात दोन खटले बसून बघायचे आणि त्यांची नोंदवही ठेवायची असते. वर्गातल्या निम्म्या वह्यांत तेच दोन खटले, त्याच तारखा, त्याच शुद्धलेखनाच्या चुका. पाच वर्षं दिली म्हणून उतरवून काढणं थांबत नाही.

पुरसिस

तुम्ही सगळे कोर्सवर भांडताय. मुलगा पुढे कुठल्या कोर्टात बसणार, कुठल्या भाषेत लिहिणार, त्यावर हे ठरायला हवं. उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी, पण जिल्हा आणि तालुका कोर्टांत बराचसा कारभार मराठीत चालतो. क्लॅटचं इंग्रजी तिथे फारसं उपयोगी पडत नाही, आणि कॉलेजात तर कुणी मराठी लिहायला शिकवतच नाही.

एक दाखला देतो. जमिनीचा दावा आहे. समन्स लागल्यापासून ३० दिवसांत प्रतिवादीची कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) यायला हवी. कोर्टाने मुदत वाढवून दिली तरी ९०. आता नवा ज्युनिअर लिहितो: 'दाव्यातील सर्व मजकूर खोटा असून प्रतिवादीस कबूल नाही.' झालं, त्याला वाटतं सगळं नाकारलं. पण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ८ प्रमाणे एकेक विधान नेमकं नाकारावं लागतं. जे नेमकं नाकारलं नाही, ते कबूल धरता येतं. वादी म्हणाला, 'प्रतिवादीने १० मे रोजी एक लाख रुपये रोख घेतले.' यावर 'प्रतिवादीने १० मे रोजी एक लाख रुपये रोख घेतले नाहीत' हा पळपुटा नकार झाला. नव्वद हजार घेतले होते का? ११ मे रोजी घेतले होते का? चेकने घेतले होते का? लिहावं लागतं असं: 'सदर रक्कम वा तिचा कोणताही भाग प्रतिवादीने उक्त तारखेस वा अन्य कधीही, कोणत्याही प्रकारे स्वीकारलेला नाही.'

उलटतपासणीतही तेच. वकील सुचवतो, 'तुम्ही त्या दिवशी गावात नव्हता.' साक्षीदार म्हणतो, 'नाही.' आता हे 'नाही' म्हणजे 'नव्हतो' की 'तसं नाही'? जबाबात येतं: 'हे म्हणणे खरे नाही की, मी त्या दिवशी गावात नव्हतो.' दोन नकार, अर्थ होकार. टंकताना एक 'नाही' गळलं की साक्ष उलटी फिरते. म्हणून जबाबावर सही होण्याआधी तो कान देऊन ऐकायचा असतो. ज्याला मराठी वाक्य असं पिळून बघायची सवय आहे, तो तालुक्यात टिकतो. ती सवय बी.ए. मराठीने लागली काय किंवा पाच वर्षांच्या कोर्सने लागली काय, सारखंच.

बेलिफ

पुरसिस, कैफियतीचं शंभर टक्के मान्य. पण यातून 'आधी पदवी' कसं निघतं? उलट, हे ज्युनिअरशिपमध्येच शिकता येतं, मग लवकर ज्युनिअर व्हा.

कोरा स्टँप

लवकर ज्युनिअर व्हा म्हणजे लवकर बिनपगारी व्हा. यावर कुणी बोलेना म्हणून लिहितो.

नावनोंदणीचा खर्च हल्ली आटोक्यात आलाय. जुलै २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने राज्य बार कौन्सिलांना कायद्यातल्या ७५० रुपयांपेक्षा (अनुसूचित जाती-जमातींना १२५) जास्त नोंदणी शुल्क घ्यायला मनाई केली. त्याआधी काही राज्यांत हा आकडा हजारोंत जायचा. खरी अडचण नंतरची. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनिअरला शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावं अशी शिफारस केली. शिफारस, सक्ती नव्हे. तालुक्याच्या कोर्टात सिनिअरने मोटारसायकलच्या पेट्रोलपुरते दिले तरी पुष्कळ झालं म्हणतात. आणि पोट भरायला पगारी नोकरी धरावी, तर वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही, सनद स्थगित करावी लागते.

म्हणून ज्या घरात शिक्षणानंतर दोन-तीन वर्षं मुलाला पोसायची सोय नाही, तिथे मी कैफियतकारांच्या बाजूने. आधी बी.कॉम., जमलं तर कंपनी सेक्रेटरीच्या परीक्षा, चार पैसे गाठीला, मग तीन वर्षांचा लॉ.

तळटीप

पण मग पदवीचे टक्के सांभाळा. तीन वर्षांच्या प्रवेशाला पदवीत ४५ टक्के लागतात (इतर मागासवर्ग ४२, अनुसूचित जाती-जमाती ४०). ४४.९ चे ४५ करून घेता येत नाहीत. पाच वर्षांच्या कोर्सला हीच अट बारावीच्या गुणांना. 'आधी पदवी' म्हणणारे हे सांगायला विसरतात: नोकरी करत रेटलेली पदवी ४३ टक्क्यांवर संपली की पुढचं दार बंद.

दुसरा खड्डा: दहावी-बारावी न करता थेट मुक्त विद्यापीठातून मिळवलेली पदवी कायद्याच्या प्रवेशाला चालत नाही. बारावी रीतसर करून मग मुक्त विद्यापीठाची पदवी घेतली असेल तर हा अडथळा नाही.

कैफियतकार

टक्क्यांचा मुद्दा मान्य, धाग्यात आधीच घालायला हवा होता. न्यायाधीश व्हायचं पक्कं असेल तर पाच वर्षांचा घ्या, हेही मान्य करतो. पण अकरावीत 'पक्कं' म्हणजे काय? टीव्हीवर बघितलेलं कोर्ट?

पुरसिस

मग खरं कोर्ट बघावं. सुनावणी खुल्या न्यायालयात होते, शाळकरी मुलालाही मागच्या बाकावर बसता येतं (बलात्कार, पॉक्सोसारखी प्रकरणं सोडून, ती बंद दाराआड चालतात). ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर त्या दिवसाचा बोर्ड (सुनावणीच्या प्रकरणांची यादी) आदल्या दिवशी बघून ठेवायचा. 'पुरावा' किंवा 'युक्तिवाद' या टप्प्यावरची प्रकरणं निवडायची, नाहीतर सकाळभर नुसत्या तारखा पडताना दिसतील. तेही बघावंच म्हणा, कारण बराचसा धंदा तोच आहे. मोबाईल बंद, पांढरा शर्ट-काळी पँट नको (शिपाई ज्युनिअर समजून आत-बाहेर करायला लावतो), वही चालते.

सोबत भारतीय न्याय संहिता घ्या, जुनं भादंवि (तिच्याआधीचं भारतीय दंड विधान) रद्दीतून घेऊ नका. आणि घेतलंच असेल तर टाकूही नका. १ जुलै २०२४ च्या आधी घडलेल्या गुन्ह्यांचे खटले अजून त्याच्याच कलमांवर चाललेत, त्यामुळे एकाच सकाळी, एकाच कोर्टात, एका खुनाला ३०२ आणि पुढच्या खुनाला १०३ ऐकू येतं.

बेलिफ

चार सकाळी बसून अकराव्या मिनिटाला मोबाईल काढावासा वाटला, तर दोन्ही कोर्स नकोत.

कैफियतकार

अहो, अकराव्या मिनिटाला तर तिथले सरकारी वकीलही काढतात.