रक्तपायी, रक्तपिपासू की नुसतंच व्हॅम्पायर?

प्रश्न

एका इंग्रजी प्रणयकादंबरीचा अनुवाद करते आहे. नायक व्हॅम्पायर आहे. पहिल्या खर्ड्यात मी सगळीकडे 'रक्तपिपासू' लिहिलं आणि नंतर मोठ्यानं वाचून पाहिलं. "रक्तपिपासू तिच्याकडे पाहून हसला." नायिका ज्याच्यावर जीव ओवाळून टाकते तो हाच, असं त्या वाक्यातून वाटेना. मग 'पिशाच्च' घालून पाहिलं, तर त्याचं शरीरच नाहीसं झालं. 'वेताळ' लिहिलं, तर तो झाडाला उलटा लटकून गोष्ट सांगू लागेल असं वाटलं.

माझी अडचण फक्त प्रतिशब्दाची नाही. इंग्रजीत शब्द तोच राहिला आणि त्याच्या आतला प्राणी शंभर-दोनशे वर्षांत पार बदलला. तिथल्या वाचकाच्या मनात 'व्हॅम्पायर' म्हटलं की भीतीही जागी होते आणि ओढही. मराठीतले आपले सगळे शब्द अजून भीतीपाशीच थांबलेले आहेत. या बदललेल्या नायकाला काय म्हणावं?

प्रतिसाद

आधी 'पिशाच्च' आणि 'वेताळ' बाजूला काढू.

पिशाच शब्दाची परंपरेनं दिलेली व्युत्पत्ती 'पिशित' म्हणजे मांस, ते खाणारा, अशी आहे. पण आज मराठीत पिशाच्च म्हटलं की अशरीरी काहीतरी डोळ्यांपुढे येतं. लागतं, झपाटतं, उतरवावं लागतं. व्हॅम्पायरचं नेमकं उलट आहे. त्याच्याजवळ असतो तो देह. तो थडग्यातून देहासकट उठतो. हडळ, समंध, मुंजा, खवीस ही मंडळीही इथे कामाची नाहीत.

वेताळाची गोष्ट वेगळी. तो प्रेतात शिरतो, म्हणून देहाचा मुद्दा थोडा जुळतो. रिचर्ड बर्टननं १८७० मध्ये विक्रम-वेताळाच्या कथा इंग्रजीत नेल्या तेव्हा पुस्तकाच्या नावात वेताळाला सरळ 'व्हॅम्पायर' करून टाकलं. पण आपला वेताळ राजाला कोडी घालतो, त्याच्या विवेकाची परीक्षा पाहतो, शेवटी त्याचे प्राणही वाचवतो. रक्त पिणं हे काही त्याचं लक्षण नव्हे. बर्टनची अदलाबदल आपण उलट दिशेनं पुन्हा करायचं कारण नाही.

प्रतिसाद

'व्हॅम्पायर'च ठेवा. वाचकाला माहीत आहे. पुल्लिंगी, अनेकवचन तेच, आणि व्हॅम्पायरनं, व्हॅम्पायरला, व्हॅम्पायरच्या असं सरळ चालतं.

प्रश्नकर्ती

निवेदनात तेच ठेवणार आहे, पण त्यानं सगळं सुटत नाही. एका प्रसंगात नायिकेचा भाऊ संतापून नायकाला शिवीसारखा हा शब्द फेकतो, आणि दोन पानांनी नायक स्वतःबद्दल तोच शब्द इतक्या थकल्या आवाजात उच्चारतो की वाचणाऱ्याचा जीव कळवळावा. इंग्रजीत एकच शब्द दोन्ही ओझी उचलतो. मराठीत 'व्हॅम्पायर' हा उसना शब्द आहे. त्याला ना शिवीची धार आहे, ना दुःखाचा ओलावा.

प्रतिसाद

तुमच्या पहिल्या खर्ड्यातला शब्द इतक्या लवकर टाकू नका. तो आपण चुकीचा वापरत आलो आहोत, एवढंच.

'रक्तपिपासू' फोडून पाहा. 'पा' म्हणजे पिणे. त्याचं इच्छार्थक रूप झालं की 'पिपासा', पिण्याची इच्छा. जाणण्याची इच्छा ती जिज्ञासा, मोक्षाची इच्छा ती मुमुक्षा, तशीच ही. म्हणजे रक्तपिपासू हा रक्त पिणारा नव्हेच. ज्याला ते प्यावंसं वाटतं तो रक्तपिपासू. पिणाऱ्यासाठी वेगळा शब्द आहे, 'रक्तपायी'. मद्यपी पितोच, त्यात शंकेला जागा नाही. पण ज्ञानपिपासू माणसाला ज्ञान मिळालंच आहे असं आपण म्हणत नाही. त्याची तहान तेवढी सांगतो.

वर्तमानपत्रांनी 'रक्तपिपासू हुकूमशहा' असं लिहून लिहून शब्दातली इच्छा पुसून टाकली आणि क्रौर्य तेवढं ठेवलं. पण इंग्रजी कथांमधला व्हॅम्पायर ज्या वाटेनं गेला ती वाट या दोन शब्दांमधलीच आहे. रक्तपायीपासून रक्तपिपासूपर्यंत.

सुरुवातीचा व्हॅम्पायर शुद्ध रक्तपायी. १७२५ आणि १७३२ मध्ये सर्बियातल्या खेड्यांमधून ऑस्ट्रियन अधिकाऱ्यांनी जे अहवाल पाठवले त्यांतून हा शब्द युरोपभर पसरला आणि १७३२ मध्ये इंग्रजीत पोचला. त्या अहवालांतले व्हॅम्पायर ना उमराव, ना देखणे. साधी गावातली माणसं, मेल्यावर उकरून काढलेली. अंग फुगलेलं, चेहरा लालसर, तोंडाशी रक्त, जुनी कातडी गळून खाली नवी दिसणारी. प्रेत कुजताना पोटात वायू साठतो, अंग फुगतं, रक्तासारखा द्रव तोंडातून बाहेर येतो, वरची त्वचा सुटते. गावकऱ्यांनी त्याचा अर्थ 'हा रात्री उठून पितो' असा लावला. फिकट चेहरा, उंच कॉलर, किल्ला, यातलं काहीही तिथे नाही. आणि त्या प्रेताला काय वाटतं हे कुणी विचारलेलं नाही.

उमराव आला तो १८१९ मध्ये, जॉन पॉलिडोरीच्या कथेतून. तिथला लॉर्ड रूथवेन समाजात वावरतो, स्त्रियांना भुरळ घालतो. इथे शब्दात पहिल्यांदा मोहिनी शिरली, पण इच्छेविरुद्ध झगडा अजून नाही. रूथवेनला हवं ते तो घेतो. १८९७ च्या ब्रॅम स्टोकरच्या कादंबरीतला ड्रॅक्युलाही घेणाराच. मूळ कादंबरीत तो प्रथम भेटतो तेव्हा म्हातारा आहे, पांढऱ्या मिशांचा, तळहातावर केस असलेला, श्वासाला दुर्गंध येणारा. पडद्यावर त्याला देखणं केलं गेलं. हरवलेली प्रेयसी पुन्हा जन्मून आली, हा १९९२ च्या चित्रपटातला गाभाही कादंबरीत नाही.

माझ्या मते सगळ्यात मोठा बदल व्याकरणाचा आहे. 'ड्रॅक्युला' ही कादंबरी पत्रांची, रोजनिशींची आणि कात्रणांची आहे, आणि त्यांत ड्रॅक्युलाची स्वतःची रोजनिशी नाही. त्याच्याबद्दल सगळे बोलतात. तो कायम 'तो' राहतो. १९७५ मध्ये फ्रेड सेबरहेगननं ड्रॅक्युलालाच निवेदक केलं आणि १९७६ मध्ये ॲन राइसच्या कादंबरीत लुई नावाचा व्हॅम्पायर आपली हकिकत सांगायला बसला. व्हॅम्पायर 'मी' म्हणू लागला. जो 'मी' म्हणतो त्याला तहान लागते तशी लाजही वाटते. लुई माणसांना टाळून प्राण्यांच्या रक्तावर दिवस काढू पाहतो. इथे शब्द खऱ्या अर्थानं पिपासू झाला, कारण इच्छा आणि कृती यांच्यात फट पडली. पुढची सगळी व्हॅम्पायर-प्रणयकथा त्या फटीत वाढली आहे.

२००५ च्या 'ट्वायलाइट' कादंबरीतलं व्हॅम्पायर कुटुंब फक्त जनावरांचं रक्त पितं आणि स्वतःला शाकाहारी म्हणवतं. नायकाला नायिकेच्या रक्ताचीच सर्वांत तीव्र ओढ आहे, आणि तो ते पीत नाही, यावर सगळं प्रेम उभं आहे. आपल्याकडे या जातीचा आणखी एक शब्द आहे, 'तितिक्षा'. घडण पिपासेसारखीच, अर्थ मात्र सोसणं, सहन करणं. पिपासा आणि तितिक्षा एकाच देहात नांदवणारा तो हा नायक.

म्हणून भावाच्या तोंडी 'रक्तपायी' किंवा त्याहून कडवट काही द्या, आणि नायकाच्या तोंडी 'रक्तपिपासू'. तो थकून म्हणतोय ते तहानेबद्दलच आहे.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादात 'रक्तशोषक' राहिला. तो मुळीच नको. 'शोषण' या शब्दावर मराठीत सावकार, जमीनदार, गिरणीमालक यांची इतकी दाट सावली आहे की प्रेमकथेत तो आला की प्रेम उरतच नाही. ही सावली फक्त मराठीची नाही. मार्क्सनं १८६७ मध्ये भांडवलाला व्हॅम्पायरचीच उपमा दिली होती, जिवंत श्रम शोषून जगणाऱ्या मृत श्रमाची.

प्रतिसाद

'व्हॅम्पायर'चा एक तुकडा मराठीत फार पूर्वीच येऊन बसला आहे, आणि तो कुठून आला हे आपण विसरलो. 'व्हॅम्प'. चित्रपटातली सिगारेट ओढणारी, नायकाला नादी लावणारी बाई. तो व्हॅम्पायरचाच संक्षेप. १८९७ मध्ये, म्हणजे ड्रॅक्युलाच्याच वर्षी, किपलिंगनं 'द व्हॅम्पायर' नावाची कविता लिहिली. तिच्यात पुरुषाला पोखरून संपवणारी स्त्री आहे. त्या कवितेच्या आधारानं नाटक झालं, १९१५ मध्ये मूकपट झाला, थीडा बारा ही नटी त्या भूमिकेनं गाजली, आणि 'व्हॅम्प' हा शब्द पडद्यावरच्या मोहिनीला कायमचा चिकटला.

मला यातली तफावत खुपते. एकाच शब्दाची दोन अपत्यं. पुरुषाच्या वाट्याला आलेल्या शब्दाला पुढे पश्चात्ताप मिळाला, एकटेपणा मिळाला, शेकडो पानांची प्रेमकथा मिळाली. बाईच्या वाट्याला आलेला शब्द अजून पडद्याच्या कडेला उभा आहे, आणि तिला तहान का लागते हे विचारायला कुणी जात नाही. ड्रॅक्युलाच्या पंचवीस वर्षं आधी, १८७२ मध्ये ले फान्यू या लेखकाच्या कथेतली स्त्री-व्हॅम्पायर कार्मिला होऊन गेली. तिचं प्रेम आणि तिची भूक वेगळी करता येत नाहीत. म्हणजे आजच्या नायकाचं हे दुखणं आधी एका बाईनं भोगलेलं आहे. तुमच्या पुस्तकात स्त्री-व्हॅम्पायर असेल तर तिला 'व्हॅम्प' चुकूनही म्हणू नका.

प्रतिसाद

नाम सापडेल हो, क्रियापदं जास्त फसवतात. मी अशा दोन कथा मराठीत केल्या आहेत, त्यातून शिकलेलं सांगते.

'चावणे' टाळा. मराठीत कुत्रा चावतो, डास चावतो, बूट चावतो. 'दंश' सापाचा. 'चावा घेतला' म्हटलं की भाजी-भाकरीचं नाही तरी खाण्याचंच काही डोळ्यांपुढे येतं. मी 'दात रुतले' वापरलं. कर्ता दात झाले, माणूस अर्धा पाऊल मागे सरला, आणि त्या क्षणी त्याचा स्वतःवर ताबा नाही हे न सांगता आलं. त्याच्या हातात ताबा असेल, तिनं मान पुढे केली असेल, तिथे 'ओठ टेकवले' आणि पुढचं वाचकावर सोडलं. ड्रॅक्युलात नियम होता की आतून कुणी बोलावल्याशिवाय तो घरात पाऊल ठेवू शकत नाही. प्रणयकथांनी उंबरठ्याचा तो नियम देहाला लावला. तो विचारतो, ती हो म्हणते. म्हणून 'घेणे' आणि 'देणे' या क्रियापदांकडे बारकाईनं पाहा. कर्ता कोण, यावर सगळं अवलंबून आहे.

एक नापसंतीही नोंदवते. या विचारण्यानं सगळं समान होत नाही. शंभर वर्षं जगलेला पुरुष आणि शाळेत जाणारी मुलगी, तो रात्री तिच्या खोलीत येऊन ती झोपलेली असताना पाहत बसतो, याला अनुवादात 'काळजी' म्हणायचं की 'पाळत', हा निर्णय माझ्या लेखणीचा होता. मी 'पाहत राहिला' लिहिलं आणि काहीही मऊ केलं नाही.

प्रश्नकर्ती

क्रियापदांचा मुद्दा माझ्या शेवटच्या प्रकरणालाच भिडतो. नायिका त्याला म्हणते, मलाही व्हॅम्पायर कर. इंग्रजीत त्यासाठी एक साधं, वळण घेण्याचं क्रियापद आहे. मराठीत काय?

प्रतिसाद

इथे काळानुसार क्रियापद निवडा. ड्रॅक्युला लूसीला तिच्या इच्छेविना व्हॅम्पायर करतो, त्याला मराठीत 'बाटवणं' हाच शब्द आहे. त्या कादंबरीचा भाव तोच, शुद्ध ते अशुद्ध झालं. पण तुमची नायिका स्वतः मागते आहे. तिला कुणी बाटवत नाही.

'अमर कर' मात्र लिहू नका. अमर, चिरंजीव हे आपल्या कानाला आशीर्वाद आहेत. इंग्रजीत व्हॅम्पायरला 'न मेलेला' अशा अर्थाचं विशेषण लावतात, ते शब्दशः केलं तर 'अमृत' होतं, आणि सगळंच उलटतं. न संपणारं आयुष्य हा शाप असू शकतो, हे मराठीत सांगायला अश्वत्थामा आहे, भळभळत्या जखमेसकट. जुना व्हॅम्पायर त्याच्या जवळचा. नवा नायक मात्र अश्वत्थाम्याची जखम घेऊन येतो आणि शेवटी त्याला चिरंजीवाचा आशीर्वाद मिळतो. ती जखम विसरली जाणार नाही असं क्रियापद हवं.

प्रश्नकर्ती

रात्रभर तेच घोळत होतं. आता असं ठरवलंय. निवेदनात 'व्हॅम्पायर'. भावाच्या तोंडी 'रक्तपायी' बोलीत बसत नाही, म्हणून तो ओरडतो, "रक्त पिणारा आहे तो!" नायक स्वतःबद्दल एकदाच, "मी रक्तपिपासू आहे," आणि त्याच्या आधीच्या परिच्छेदात मी 'तहान' हा शब्द तीन वेळा पेरला आहे, म्हणजे 'पिपासा' वाचकाला आपोआप ऐकू येईल. 'हुकूमशहा' ऐकू येणार नाही.

शेवटच्या प्रकरणातलं वाक्य असं झालं आहे: "मला तुझी तहान दे." मूळात तहान हा शब्द नाही. तरी तेच ठेवते आहे.