सीडीवर लावायच्या द्रावणांनी आवाज सुधारतो की सीडीच खराब होते?

नमस्कार मंडळी, जाणकारांचं मत हवं आहे.

माझ्याकडे जुन्या सीडींचा संग्रह आहे आणि त्यातल्या बऱ्याच आता कुठेच मिळणार नाहीत. एका मित्राने फवारून पुसायचं द्रावण सुचवलंय. लेझर कमी विखुरतो आणि आवाज मोकळा होतो, असं तो म्हणतो. शिवाय कडेला हिरव्या मार्करने रेघ ओढायची जुनी युक्ती आहेच. त्याच्याकडे ऐकताना मलाही फरक वाटला, पण कुठल्या सीडीला द्रावण लावलंय हे मला आधीच माहीत होतं. त्यामुळे कानांवर कितपत विश्वास ठेवायचा?

सीडीत 16 बिटांचे आकडेच असतात ना? मग तेच आकडे वाचले गेले तर फरक कुठून येणार? आणि द्रावणाने पुढे काही वर्षांनी प्लॅस्टिकचं काय होईल, ही मोठी काळजी आहे.

प्रतिसाद:
शंका अगदी रास्त आहे. लेझर 1.2 मिमी जाडीच्या पॉलीकार्बोनेटमधून आत जातो. पृष्ठभागावर त्याचा झोत पाऊण मिलिमीटरच्या आसपास रुंद असतो आणि ज्यांत आकडे कोरलेले असतात त्या बारीक खड्ड्यांच्या थरापाशी तो दीड-दोन मायक्रॉनवर येतो. म्हणून वरची धूळ किंवा बारीक ओरखडा त्याला फारसा अडवत नाही. उरलेल्या चुका सीआयआरसी, म्हणजे सीडीतली चूक-दुरुस्तीची पद्धत, दुरुस्त करते. ट्रॅकवरचा सलग सुमारे अडीच मिलिमीटर डेटा गेला तरी तो हुबेहूब परत मिळतो. त्यापलीकडे गेलं की प्लेयर अंदाजाने जागा भरतो किंवा आवाज तुटतो. जिटरचा, म्हणजे आकडे वेळेच्या किंचित मागेपुढे येण्याचा, मुद्दा हमखास निघतो, पण डेटा आधी बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) जातो आणि क्वार्ट्झ घड्याळाच्या नेमक्या ठेक्यावर बाहेर पडतो.

कानांवर सोडू नका. जिच्यावाचून अडणार नाही अशी एखादी सीडी द्रावण लावायच्या आधी आणि नंतर कॉम्प्युटरवर रिप करा (म्हणजे तिच्यातला डेटा फाइलमध्ये उतरवून घ्या) आणि दोन्ही फाइलींचे चेकसम, म्हणजे सगळ्या डेटावरून काढलेले पडताळणीचे आकडे, ताडून पाहा. जुळले तर सुधारायला काही नव्हतंच.

नुकसान मात्र खरं होऊ शकतं. अ‍ॅसिटोनसारख्या द्रावकाने पॉलीकार्बोनेट धुरकट होतं, तडकतं. लेबलची बाजू तर जास्त नाजूक, कारण तिथे अ‍ॅल्युमिनियमवर लॅकरचा, म्हणजे संरक्षक लेपाचा, अगदी पातळ थर असतो. मार्करची शाई कडेवरून तिथे झिरपू देऊ नये. कडेच्या रेघेने आकडे बदलत नाहीत, मग हा धोका कशासाठी घ्यायचा?

धागाकर्ता:
मनापासून आभार. द्रावणाचा बेत रद्द. पण दोन सीडी खरोखर अडकतात, त्यांचं काय करू?

प्रतिसाद:
आधी साध्या पाण्याने आणि मऊ कापडाने पुसा, मधून कडेकडे सरळ. गोल फिरवून पुसलं आणि ओरखडा उठला तर तो ट्रॅकच्याच दिशेने जातो आणि सलग डेटा खातो. तरीही अडकली तर पॉलिश कामी येईल, पण ओरखडा खालच्या, म्हणजे लेझर वाचतो त्या, बाजूला असेल तरच. सीडी उजेडासमोर धरा. बारीक छिद्रांतून उजेड आरपार दिसला तर तिथला अ‍ॅल्युमिनियमचा थरच गेलाय, पॉलिश वाया जाईल. आणि एकदा का नीट वाचली गेली, की लगेच रिप करून ठेवा.