काळवीट सुरक्षित आणि माळढोक अतिसंकटग्रस्त, हे ठरते कशावरून?

प्रश्न (पाटोदा, जि. बीड)
आमच्या माळावर काळविटांचे कळप रोज दिसतात. हरभऱ्याला घाटे लागले की रात्रीतून रान खाऊन जातात. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत काळवीट ‘किमान चिंता’ या वर्गात आहे, आपल्या कायद्यात मात्र त्याला पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. यातले खरे कोणते, असे नववीच्या मुलांनी विचारले आणि मला नीट सांगता आले नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (छत्रपती संभाजीनगर)
गुरुजी, दोन्ही खरे आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा शिकार आणि व्यापार रोखण्यासाठी आहे. १९६४ पासूनची लाल यादी प्रजाती नामशेष होण्याचा धोका जगभराच्या संख्येवरून मोजते. त्यासाठी पाच निकष आहेत आणि त्यांतला एक लागू पडला तरी पुरतो. दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, यांपैकी जो काळ मोठा असेल त्यात, संख्या तीस टक्क्यांनी घटली आणि घटीचे कारण अजून दूर झालेले नसेल, तर प्रजाती ‘असुरक्षित’ ठरते. पन्नास टक्क्यांना ‘संकटग्रस्त’ आणि ऐंशी टक्क्यांना ‘अतिसंकटग्रस्त’. शिवाय प्रजननक्षम प्राणी पन्नासपेक्षा कमी उरले, तर तेवढ्यावरूनही शेवटचा वर्ग लागतो. माळढोक २०११ पासून अतिसंकटग्रस्त आहे.

उत्तर (भूम, जि. धाराशिव)
वरील उत्तराला माझी एक जोड. पुष्कळ दिसतो म्हणजे सुरक्षित, असे मुलांना कृपया सांगू नका. माझ्या लहानपणी बैल मेला की गावाबाहेर ओढून टाकत, आणि दुपारपर्यंत गिधाडांच्या गर्दीत बैल दिसेनासा होई. एकमेकांवर पंख आपटत ती आतडी ओढत, आणि संध्याकाळी नुसता सांगाडा उरे. पांढऱ्या पाठीचे गिधाड तेव्हा देशभर मुबलक होते. जनावरांना दिलेले डायक्लोफिनॅक मढ्यातून पोटात गेल्याने त्यांचे मूत्रपिंड निकामी झाले आणि १९९२ ते २००७ या काळात भारतातली त्यांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. हजारो पक्षी उरलेले असतानाच, २००० मध्ये, त्यांना अतिसंकटग्रस्त ठरवले गेले, कारण तिथे घटीचा वेग पाहिला होता. जनावरांसाठी या औषधाच्या वापरावर बंदी आली ती २००६ मध्ये.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. ‘माहिती अपुरी’ असा शेरा असलेली प्रजाती मग सुरक्षित समजावी का?

उत्तर (छत्रपती संभाजीनगर)
मुळीच नाही. तिचा धोका ठरवण्याइतकी पाहणीच झालेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.