पाळणाघराचा 'पर चाईल्ड' खर्च कसा काढायचा? सीएसआरवाले मागतायत

पूर्वभाग_ताई:
नमस्कार मंडळी. आमच्या बचतगटाच्या बायका मिळून सोलापुरात पूर्व भागात पाळणाघर चालवतो, एक ते सहा वर्षाची पोरं, आया बहुतेक विडी कामगार नाहीतर टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला. सकाळी ९ ते ५. मोठ्या पोरांची दुपारी बालवाडी पण घेतो. आता एका कंपनीचे सीएसआरवाले (कंपनीचा समाजकामाचा निधी बघणारे) पैसे द्यायला तयार आहेत पण म्हणतात पर चाईल्ड कॉस्ट म्हणजे एका पोरामागचा खर्च द्या आणि कॉस्ट इफेक्टिव्हनेस, म्हणजे खर्चाच्या मानानं फायदा किती, ते पण लिहून द्या. मी मागच्या वर्षीची सगळी व्हाउचरं जमवली, ५,७०,००० झाले, पटावर ३८ नावं, भागाकार केला, १५,००० आले. तर ते साहेब म्हणतात दुसऱ्या एका संस्थेचं ९,००० येतंय, तुम्ही महाग आहात. आता मला सांगा त्यात महाग काय आहे, बायकांना पगार देतो तो पण तुटपुंजाच. हा हिशोब करायची काही रीत असती का? कॉमर्सवाल्यांनी जरा सोप्या भाषेत सांगा.

हिशोबनीस_साखरपेठ:
ताई, व्हाउचरची बेरीज म्हणजे खर्च नव्हे, ते फक्त तुमच्या हातून गेलेले पैसे. खर्च म्हणजे ते पाळणाघर उभं राहायला जे जे लागलं ते सगळं, मग कुणी फुकट दिलं असलं तरी. हेन्री लेविन म्हणून अमेरिकन अर्थतज्ज्ञ आहेत, त्यांनी १९७० च्या दशकात शिक्षणासाठी ही पद्धत बसवली, इन्ग्रेडियंट्स मेथड म्हणतात, स्वयंपाकाला सामानाची यादी करतो तशी यादी करायची आणि प्रत्येकापुढं बाजारभाव लिहायचा. हॉल कुणाचा आहे तुमचा? भाडं देता का? कुणी विनापगार येतं का? पाळणे, सतरंज्या, टाकी असली मोठी खरेदी त्याच वर्षी झाली का? आणि महत्त्वाचं, पटावर ३८ पण रोज येतात किती?

पूर्वभाग_ताई:
हॉल समाजाचा, फुकट. एक रिटायर बाई येतात बालवाडी घ्यायला, त्या काही घेत नाहीत. पाळणे, सतरंज्या आणि पाण्याची टाकी मिळून ४८,००० ची खरेदी त्याच वर्षातली, आपल्याकडं नळ चार-पाच दिवसांनी येतो त्यामुळं टाकी घ्यावीच लागली. हजेरी सरासरी २४. गड्ड्याच्या यात्रेत आणि लग्नसराईत तर निम्मी पण नसतात.

हिशोबनीस_साखरपेठ:
हां मग बघा. तसल्या हॉलला तिकडं महिना ६,००० भाडं पडेल असं धरू, वर्षाचे ७२,०००. बाईंच्या कामाला कुणी नेमलं असतं तर महिना ५,००० तरी, म्हणजे ६०,०००. हे दोन्ही मिळवायचे. टाकी-पाळणे सहा वर्ष टिकतील तर ह्या वर्षाच्या वाट्याला ८,००० च, उरलेले ४०,००० वजा. झाले ६,६२,०००. आकडे मी अंदाजाने धरलेत, तुम्ही तिथले टाका.

आता ह्याला ३८ नं भागू नका. २४ नं भागलं तर साडेसत्तावीस हजार येतात. घाबरू नका, थांबा जरा. तुम्ही पोरं आठ तास सांभाळता, वर्षात २८० दिवस चालू धरलं तर २४ × २८० × ८ = ५३,७६० तास. एका पोराच्या एका तासाला सव्वाबारा रुपये. आता त्या ९,००० वाल्या संस्थेला विचारा पोरं किती तास असतात. ती जर रोज तीन तासाची बालवाडी असंल आणि वर्षात २०० दिवस चालत असंल तर ६०० तासाला ९,०००, म्हणजे तासाला १५ रुपये. आणि त्यांनी पण पटावरच्या नावांनी भागलं असंल तर खरा आकडा अजून वर जातोय. आता सांगा महाग कोण?

अजून एक, आयांकडनं तुम्ही जी थोडी फी घेता ती खर्चातनं वजा करू नका. फी म्हणजे खर्च कमी झाला असं नाही, कुणी भरला एवढंच बदललं. त्याला वेगळा कॉलम करा: संस्था, आई, समाज, सरकार.

कडक_भाकरी:
बरोबर आहे पण हे निस्तं कॉस्ट झालं, इफेक्टिव्हनेस कुठाय? मी एमएसडब्ल्यूला (समाजकार्याच्या पदवीला) वाचलेलं सांगतो. 'प्रथम' ह्या शिक्षणातल्या संस्थेचा बालसखी कार्यक्रम, मुंबई आणि बडोद्यात २००१ ते २००३ मध्ये तपासला, अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो वगैरे लोकांनी (२०१९ चं नोबेल मिळालेले तेच). मागं पडलेल्या तिसरी-चौथीच्या पोरांना वस्तीतलीच शिकलेली पोरगी रोज दोन तास बाजूला घेऊन शिकवायची, पगार महिना ५०० ते ७५० रुपये. बडोद्यात दुसरा प्रयोग पण होता, गणिताचे गेम कॉम्प्युटरवर. गणितात मार्क कॉम्प्युटरनं जास्त वाढले, पण पोरामागं वर्षाला साधारण १५ डॉलर लागले आणि बालसखीला सव्वादोन डॉलर. म्हणजे तेवढ्याच सुधारणेला बालसखी पाच ते सात पट स्वस्त पडली. ज्याचा परिणाम मोठा ते परवडणारं असंलच असं नाही, आणि स्वस्त आहे ते कामाचं असंलच असं पण नाही. निस्त्या पर चाईल्ड आकड्याला काय अर्थ नाय बे.

पण ताई तुम्ही बालसखीशी तुलना करत बसू नका. तिथं वाचन-गणित मोजलं, तुमचं काम वेगळं. मोजमाप एकच असंल तरच दोन कार्यक्रम शेजारी ठेवता येतात.

चादरवाला_८७:
ते अमेरिकन अर्थतज्ज्ञ हेकमन साहेबाचं लावा की, लहान मुलांवर एक रुपया घाला सात रुपये परत मिळतात. पीपीटीत लै भारी दिसतंय.

कडक_भाकरी:
नका लावू मालक. ते अमेरिकेत मिशिगनमधल्या इप्सिलँटी गावचं, पेरी प्रीस्कूल, १९६२ ते ६७, सगळी मिळून १२३ पोरं. शिकलेले मास्तर, दर आठवड्याला घरी भेट, आणि ती पोरं चाळिशीला पोचेपर्यंत माग काढला. हेकमन मंडळींनी परतावा वर्षाला ७ ते १० टक्के काढलाय. आकडा तिथल्यापुरता चांगला आहे, पण तुमच्या आणि त्या बालवाडीत नावाशिवाय सारखं काय? उद्या कुणी विचारलं तर काय सांगणार.

निवृत्त_मुख्यसेविका:
मी अंगणवाडीकडची, म्हणून थोडं. लोक म्हणतात अंगणवाडी फुकट असताना पाळणाघर कशाला. फुकट कसली, तिचा खर्च सरकारच्या खात्यात दिसतो एवढंच. २०१७ ला ठरलेल्या दराने पोषण आहारच एका बालकाला दिवसाला ८ रुपये, शिवाय मानधन, किट, इमारत. आणि सेविकेचा दिवस कुठं जातो ते बघा, वजन-उंची, गृहभेटी, पोषण ट्रॅकर ह्या सरकारी ॲपवर माहिती भरा, मोबाईल हँग झाला की परत भरा, टीएचआर (घरी न्यायचा कोरडा आहार) वाटप, मधेच सर्व्हे आणि निवडणुकीचं काम. शिकवायचं राहूनच जातं, तिचा दोष नाही. तमिळनाडूत हेच तपासलं होतं, अंगणवाडीत अर्ध्या दिवसासाठी फक्त बालशिक्षणाला एक जादा बाई दिली तर शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, पोरांचं गणित आणि भाषा सुधारली, कुपोषण पण घटलं कारण जुन्या सेविकेला त्याकडं बघायला सवड मिळाली. आता हा फायदा कुणाच्या नावावर टाकणार? नव्या बाईच्या की जुन्या? दोघींचा वेळ नीट लिहिलेला असंल तरच कळतं. म्हणून ताई तुमच्या बायकांना एक आठवडा वही द्या, दर तासाला काय केलं ते लिहायला लावा, झोपवणं, भरवणं, शिकवणं, साफसफाई. पाळणाघराचा आणि बालवाडीचा खर्च त्यावरूनच वेगळा निघंल, नाहीतर नुसता अंदाज.

विडीघरकुल_ची_लेक:
सगळे पोरांचंच मोजायला लागलेत म्हणून लिहिते. माझी आई विडी वळायची. पान भिजवायचं, कातरायचं, वळायचं, दोऱ्यानं बांधायचं आणि वेळेत कारखान्यात नेऊन द्यायचं, तिथं छाट (नापास केलेली विडी) निघाली की तेवढी मजुरी गेली. मजुरी दर हजार विडीमागं. मांडीवर सुपात तंबाखू आणि शेजारी रांगणारं पोरगं, त्याचा हात सुपात गेला की काम थांबलं. माझ्या मोठ्या बहिणीनं पाचवीत शाळा सोडली ती धाकट्याला सांभाळायलाच. तुमचं पाळणाघर तेव्हा असतं तर फायदा भावाला किती झाला असता माहीत नाही, पण बहीण शाळेत राहिली असती. तर आयांना विचारा की पोरगं तुमच्याकडं सोडायच्या आधी दिवसाला किती विडी व्हायची आणि आता किती होती, आणि थोरली शाळेत जाती का. हे एक्सेलमध्ये टाका.

हिशोबनीस_साखरपेठ:
ह्या मुद्द्याला पाठिंबा, फक्त एक सांभाळा. आईची कमाई वाढली ती सगळीच पाळणाघरामुळं असं धरू नका, काही पोरांना तसं पण आजी सांभाळत होती, त्यांच्याबाबत फरक थोडाच पडला असणार. नवीन ॲडमिशन घेतानाच विचारून ठेवा की आत्तापर्यंत पोरगं कुणाकडं असायचं. नंतर विचारलं तर कुणालाच धड आठवत नाही.

पूर्वभाग_ताई:
बापरे, एवढं असतंय होय. वेळेची वही सोमवारपासून चालू करते, रजिस्टरला 'आधी कोण सांभाळायचं' हा रकाना पण वाढवते. चार-पाच घरात मोठ्या पोरी आता शाळेत जायला लागल्यात हे मला माहिती आहे पण कागदावर कुठंच नव्हतं. साहेबांना तासाचा हिशोब उद्या पाठवते आणि त्या दुसऱ्या संस्थेची वेळ काय ती पण विचारते. फुकटचा हॉल खर्चात धरला तर समाजाचे अध्यक्ष भाडं मागायला लागतील काय?

हिशोबनीस_साखरपेठ:
'समाजाचा वाटा ७२,०००' असं लिहून एक प्रिंट त्यांना पण द्या. अध्यक्ष पुढच्या मीटिंगला स्वतः वाचून दाखवतील बघा.