ट्रेल कॅमेरा: दुपारी नुसतं गवत, रात्री नुसती शेपूट

सांजपक्षी: पाणवठ्याकडे जाणाऱ्या पायवाटेवर ट्रेल कॅमेरा (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारा) लावलाय. छातीच्या उंचीवर, वाटेला काटकोनात, तोंड पश्चिमेला, सेन्सिटिव्हिटी 'हाय'. दुपारी कार्ड गवताच्या फोटोंनी भरतं. रात्री प्राण्याची शेपूट तेवढी मिळते, नाहीतर चेहरा पांढराफटक. काय बदलू?

आडवाट: आधी दुपारचं बघू. कॅमेऱ्यातला पीआयआर (उष्णतेचे किरण टिपणारा) सेन्सर नुसती हालचाल ओळखत नाही. त्याच्यासमोरून उष्णतेतला फरक सरकला की तो फोटो काढतो. उन्हाने तापलेलं गवताचं पातं वाऱ्यावर डोललं तरी त्याला पुरतं. सेन्सरच्या अगदी समोरचं गवत आणि लोंबत्या फांद्या तेवढ्या काढा, सगळी जागा उघडी करू नका. तोंड उत्तरेला फिरवा (दक्षिण गोलार्धात दक्षिणेला), म्हणजे मावळतीचं ऊन भिंगात येणार नाही.

सेन्सिटिव्हिटी 'मीडियम'वर आणा, पण कडक उन्हाळ्यात परत वाढवा. हवा प्राण्याच्या अंगाइतकी तापली की फरकच उरत नाही आणि समोरून गेलेला प्राणीही सुटतो.

उंची छातीची नको. कोल्हा, रानमांजर यांच्यासाठी 40-50 सेंमी, भिंग जमिनीला समांतर. मग टेस्ट मोडवर ठेवून वाटेवरून स्वतः रांगत जा आणि सेन्सरने पकडल्याचा दिवा कुठे लागतो ते बघा.

निशाचर: शेपटीचं कारण काटकोन. ट्रिगरला (सेन्सरला कळल्यापासून फोटो निघेपर्यंत) अर्धा सेकंद लागत असेल तर सेकंदाला 2 मीटर चालणारा प्राणी तेवढ्यात 1 मीटर पुढे जातो. भिंगाला 45 अंशांचा कोन दिसत असेल तर 3 मीटरवर चौकटीची रुंदी जेमतेम अडीच मीटर. कॅमेरा वाटेशी 45 अंशांत तिरका लावा, प्राणी चौकटीत जास्त वेळ राहतो. अगदी वाटेच्या रेषेत मात्र नको, सरळ अंगावर येणारा प्राणी पीआयआरला उशिरा कळतो. एका ट्रिगरला 3 फोटो ठेवा.

पांढरा चेहरा म्हणजे फ्लॅश जवळून पडतोय. अर्ध्या एलईडींवर कागदी सर्जिकल टेप लावा. सेन्सरच्या खिडकीवर चुकूनही नको.

सांजपक्षी: आभार. पावसासाठी समोर काच असलेल्या पेटीत ठेवला तर?

आडवाट: नको. अंगाच्या उष्णतेचे किरण काचेतून जात नाहीत, म्हणजे पीआयआर आंधळा. वर फ्लॅश काचेवरून उलटून फोटो धुरकट. वरून छोटं छप्पर द्या, कॅमेऱ्याच्या आत सिलिका जेलची पुडी ठेवा आणि त्याच्या दाराचं रबर पुसूनच बंद करा; त्यात अडकलेल्या मातीच्या कणानेही पाणी शिरतं.