खडीवर पुढचं चाक निसटतं त्याबद्दल

रॉयल एन्फिल्ड हिमालयन बाइकचं पुढचं चाक खडीवर निसटतं, टायरमधली हवा कमी करू का, असं एकानं विचारलंय. करा, पण बेतानं. नेहमीपेक्षा चार-पाच पीएसआय कमी केली की पुरे. तिला बहुतेक ट्यूबचे टायर असतात; फारच कमी केली तर दगडावर रिम आपटून ट्यूब चिमटते.

माझ्या मते खरी चूक वेगळीच. बेळगावजवळच्या जांबोटी-कणकुंबीकडच्या आतल्या रस्त्यांवर जांभ्याची बारीक गोल खडी असते, कडक लाल मातीवर मोहऱ्या सांडल्यासारखी. तिथं हँडल आवळून धरलं की गेलंच. फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, उभं राहा, टाकी गुडघ्यांत धरा, हात सैल. चाक थोडं वळवळणारच, वळवळू द्या की ओ! वळणाआधीच वेग उतरवा, वळणात पुढचा ब्रेक नको. मागचा एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) बंद करता येत असेल तर करा, पुढचा राहू दे.

चौघं असाल तर धूळ खाली बसेपर्यंत अंतर ठेवा. गेल्या उन्हाळ्यात आमच्यातला एकजण धुळीतनं थेट म्हशींच्या कळपात घुसला. म्हशी जागच्या हलल्या नाहीत, हाच आडवा.

आणि तिथल्याच भीमगड अभयारण्याच्या जंगलात परवानगीशिवाय गाड्या घालू नका.