ठाणे स्टेशन: इतिहास पाठ आहे, अनुभव लिहा

16 एप्रिल 1853. दुपारी 3:35 ला बोरीबंदरहून निघालेली गाडी, 14 डबे, 400 पाहुणे, 21 तोफांची सलामी, साहिब-सिंध-सुलतान ही तीन इंजिनं, आणि मुक्काम ठाणे. हे प्रत्येक ठाणेकराला तोंडपाठ असतं. नाना शंकरशेटांनी रेल्वेसाठी काय खटपट केली तेही पुष्कळदा लिहून झालंय. हा धागा त्यानंतर या फलाटांवर उभं राहिलेल्यांसाठी. लिहा.

डोंबिवलीकर
माझं ठाणे म्हणजे पार्सिक बोगद्याच्या आधीचं शेवटचं स्टेशन. 1916 ला बोगदा झाला, त्याआधी गाड्या डोंगराला वळसा घालून मुंब्र्यावरून जायच्या. आमच्या फास्टला भजनी मंडळ होतं. गाडी बोगद्यात शिरली की टाळ दुप्पट वाजायचे, बुवा आवाज चढवायचे, आणि नव्याने कामाला लागलेली पोरं अंधाराचा फायदा घेऊन आरोळ्या ठोकायची. सव्वा किलोमीटरच्या आसपास बोगदा, पण तेवढ्यात घामेजलेल्या डब्यात गार वारा भरायचा. फेब्रुवारी 2022 मध्ये पाचवी-सहावी लाइन सुरू झाली आणि फास्ट लोकल मुंब्र्याकडून जायला लागल्या. बोगदा आता मेल-एक्सप्रेसला. गाड्यांचा खोळंबा कमी झाला हे मान्य. तरी फास्टमध्ये बसून मुंब्र्याचा फलाट बघायची सवय मला अजून लागली नाही.

ऐरोलीची सून
माहेर ठाण्यात, नोकरी वाशीला. ठाण्याहून थेट वाशीला नेणारी ट्रान्सहार्बर लोकल 2004 ला आली. त्याआधी लोकलने वाशी गाठायची तर कुर्ल्याला उतरून हार्बर पकडा, म्हणजे उलटं जाऊन परत या. आई म्हणायची, "अगं, खाडीपलीकडे तर जायचंय!" आता 9 किंवा 10 नंबर. फक्त त्या फलाटांपर्यंत पोचायला पूल चालताना निम्मी शक्ती जाते, आणि इंडिकेटर दिसेपर्यंत गाडी हलते.

कळवेकर
सकाळी कळव्याला लोकल येते तीच दारापर्यंत भरलेली. म्हणून आमच्याकडचे बरेच जण रुळांतून कारशेडपर्यंत चालत जातात, ठाण्याहून सुटणाऱ्या रिकाम्या लोकलमध्ये तिथेच चढतात. मग ठाण्याला रांगेत उभ्या असलेल्यांच्या नजरा झेला. बेकायदेशीर आहे, जिवाला धोका आहे, सल्ला म्हणून घेऊ नका. पण ज्याला तिघांच्या बाकावरची चौथी सीटही मिळत नाही त्याला फक्त दंडाची भीती घालून काय होणार?

कोपरीवाला
ईस्टचा विसर पडलाय सगळ्यांना. असो. नोंद एवढीच की वेस्टला उतरून कुंजविहारचा वडापाव खाण्यासाठी आम्हीसुद्धा पूल ओलांडतो.

लेडीज डबा, फास्ट
2024 च्या मेअखेरीस 63 तासांचा ब्लॉक घेऊन 5 नंबरचा फलाट रुंद केला, आठवतंय? ऑफिसात कोणी विश्वास ठेवेना, म्हणून घरूनच काम केलं. त्याआधी 5-6 वर दोन्हीकडे एकदम गाड्या लागल्या की जिन्याजवळ पाय टेकायला जागा नसायची. पर्स छातीशी धरून आडवं सरकायचं. आता निदान उभं राहता येतं. डोंबिवलीकर, तुमच्या मंडळाला सांगा, संध्याकाळी ठाण्याला उतरणाऱ्यांना आधी वाट द्या आणि टाळ मागून वाजवा.